ऐकू येत नाही म्हणून मूल मुके राहू नये



३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी आपले पहिले पाक्षिक काढले आणि त्याला नाव दिले ‘मूकनायक’. ज्या समाजासाठी ते निघाले, त्या समाजाचा गळा शाबूत होता, जीभही शाबूत होती. सांगण्यासारखे खूप होते, पण सांगायचे साधन त्याच्या हाती येऊ दिले नव्हते. मूक असणे आणि मूक ठेवले जाणे यांतला फरक आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आजच्या आरोग्य पानावर अशाच एका मुकेपणाचा विचार करायचा आहे. मूल अडीच-तीन वर्षांचे होते, तरी बोलत नाही. शेजारीपाजारी सांगून मोकळे होतात, ‘मुकं आहे.’ पुढे कधीतरी तपासणी होते आणि कळते की त्याला ऐकू येत नाही. अशा बहुतेक मुलांचे स्वरयंत्र ठीक असते, जीभ ठीक असते, बुद्धीही इतर मुलांसारखीच असते. भाषा मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नसते. ऐकू न येणे ही कानाची अडचण आहे. भाषा न मिळणे ही आपल्याकडून राहिलेली उणीव आहे, आणि ती भरून काढता येते. त्यासाठी वेळ मात्र थोडा असतो. पहिली तीन-चार वर्षे फार मोलाची असतात.

भाषा येते कुठून?

ऐकणारे बाळ जन्माआधीपासून, आईच्या पोटात सहाव्या महिन्याच्या सुमारास, आवाज ऐकू लागते. जन्मानंतर दिवसभर त्याच्या कानावर बोलणे पडत असते. आई त्याच्याशी बोलते, आजी शेजारणीशी बोलते, नळावर भांडण होते, टीव्ही चालू असतो. कोणी मुद्दाम शिकवत नाही, तरी वर्षाच्या आसपास बाळ पहिला शब्द बोलते, दोन वर्षांचे होता होता दोन शब्द जोडते, तिसऱ्या-चौथ्या वर्षी ‘का?’ विचारून भंडावून सोडते. सहाव्या वर्षी शाळेत जाते तेव्हा मराठी त्याला येतच असते. गुरुजी फक्त त्या येणाऱ्या भाषेची अक्षरे शिकवतात. ‘घर’ हा शब्द त्याच्याकडे आधीच असतो. तो कसा लिहायचा एवढेच राहिलेले असते.

आता ऐकू न येणाऱ्या मुलाचा विचार करू. जन्मतः कर्णबधिर असणाऱ्या दहा मुलांपैकी नऊहून अधिक मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या घरात जन्मतात. घरात भाषा भरपूर असते, पण ती सगळी आवाजाची. मुलाला दिसतात फक्त हलणारे ओठ. जेवण, पाणी, झोप, मार अशा चार-दहा खुणा घरातल्या घरात तयार होतात आणि आपल्याला वाटते, चालले आहे. पण ‘आजी गावाला गेली आहे, परवा येईल’ हे त्या खुणांनी सांगता येत नाही. आजी एके दिवशी नाहीशी झाली, एवढेच मुलाला कळते. काल, उद्या, का, म्हणून, जर, समज, वाटले, विसरले हे सगळे भाषेतून येते. भाषा नसली की विचाराला धरायला काठी उरत नाही.

असे मूल सहाव्या वर्षी शाळेत जाते आणि त्याला सांगितले जाते, ‘क कमळाचा’. त्याच्याकडे ‘कमळ’ हा शब्द कोणत्याच भाषेत नसतो. मग ‘क’ कशाला जोडायचा? आठवीपर्यंत जाऊनही साधी चिठ्ठी वाचता न येणारी कर्णबधिर मुले दिसतात त्याचे मूळ इथे आहे. मूल मठ्ठ नव्हते. पाया घातलाच नव्हता आणि भिंत बांधायला घेतली होती.

शंका कधी घ्यावी?

बाळाकडे पाहताना या गोष्टी लक्षात ठेवा.

– पहिले तीन महिने : मोठ्या आवाजाने बाळ दचकते का? रडताना आईच्या आवाजाने शांत होते का?
– सहा महिने : आवाज येईल तिकडे डोळे किंवा मान वळवते का?
– नऊ ते बारा महिने : नावाने हाक मारल्यावर पाहते का? ‘बाबा, दादा’ असे जोडून आवाज काढते का?
– दीड वर्ष : काही साधे शब्द बोलते का?
– दोन वर्षे : ‘पाणी दे’, ‘आई ये’ असे दोन शब्द जोडते का?

यातले काही होत नसेल तर वाट पाहू नका. ‘याचा बाप पण पाच वर्षांनी बोलला’ असे म्हणत दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. दुसरी एक फसगत होते. कर्णबधिर बाळही सुरुवातीला हुंकार देते, खिदळते, त्यामुळे सगळे ठीक वाटते. घरी ताट वाजवून केलेली परीक्षाही फसवी असते. पाठीमागे ताट आपटले की जमीन हादरते, सावली हलते, आणि बाळ त्यामुळेही वळून बघते.

खरी तपासणी सोपी आहे. ‘ओएई’ तपासणीत कानात एक छोटी नळी ठेवून काही मिनिटांत पाहतात. ‘बेरा’ तपासणीत बाळ झोपलेले असताना डोक्यावर चिकटपट्ट्या लावून आवाजाची वार्ता मेंदूपर्यंत जाते का ते नोंदवतात. दोन्हींत सुई नाही, दुखणे नाही. पहिल्या महिन्यात पहिली तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू, हा जगभर मानला जाणारा क्रम आहे. ज्यांचा तो चुकला त्यांनी आज सुरुवात करावी. उशीर झाला म्हणून आणखी उशीर करू नये.

कुठे जायचे? सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात. २०१३ पासून ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ चालू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि आपली शंका स्वतः बोलून दाखवा. तिथून मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था १९८३ पासून काम करत आहे. जन्मानंतरच्या तपासणीत बाळ पास झाले तरी पुढे मेंदूज्वर, गालगुंड, गोवर झाला किंवा कान वाहू लागला, तर पुन्हा तपासून घ्या.

हे कोणाचे पाप नाही

निदान झाले की घरात पहिला प्रश्न येतो, ‘कोणाचं पाप भोवलं?’ बहुतेक वेळा बोट सुनेकडे जाते. कोणी अंगारा सुचवतो, कोणी नवस. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, हा विचार बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारला आहे. दुःखाला कारण असते, आणि ते शोधायचे असते.

बहिरेपणाची कारणे अशी : गर्भारपणात आईला झालेला रुबेला, बाळाची तीव्र कावीळ, दिवस भरण्याआधी किंवा फार कमी वजनाचा जन्म, मेंदूज्वर, कानाला अपाय करणारी काही औषधे, वारंवार वाहणारा कान, आणि आनुवंशिकता. आनुवंशिक बहिरेपण आईबापांना ऐकू येत असले तरी मुलात उतरू शकते. मामाच्या किंवा आत्याच्या मुलामुलीशी, म्हणजे जवळच्या नात्यात लग्न झाले तर ही शक्यता वाढते. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत मिळते. ती चुकवू नका. कानात कोमट तेल, रस, काडी असे काहीही घालू नका.

यंत्र की हातांची भाषा?

श्रवणयंत्र आवाज मोठा करते. पण ते चष्म्यासारखे नसते, की लावले आणि सगळे स्पष्ट झाले. मुलाला आवाजाचा अर्थ लावायला शिकावे लागते, म्हणून झोप आणि आंघोळ सोडून दिवसभर यंत्र कानात असायला हवे. बाळाचा कान वाढतो, तसा कानातला साचा काही महिन्यांनी बदलावा लागतो. साचा सैल झाला की यंत्र शिटी मारते, मग घरचे वैतागून यंत्र कपाटात ठेवतात. असे करू नका, साचा बदलून घ्या. पावसाळ्यात आणि घामाने यंत्र बिघडते, म्हणून रात्री ते ओल शोषणाऱ्या पुड्या घातलेल्या बंद डब्यात ठेवा.

यंत्राने भागत नसेल तर डॉक्टर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया सुचवतात. केंद्र सरकारच्या ‘एडीप’ योजनेतून लहान मुलांना ती मिळू शकते. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी वयाची अट साधारण पाच वर्षांची आहे, म्हणून लवकर चौकशी करा. वांद्र्याची वर सांगितलेली संस्था या कामाची मध्यवर्ती संस्था आहे. शस्त्रक्रिया ही सुरुवात असते. तिच्यानंतर निदान दोन वर्षे नियमित प्रशिक्षण लागते आणि घरीही रोज मेहनत लागते. शस्त्रक्रियेआधीच विचारा : प्रशिक्षण कुठे, आठवड्यातून किती दिवस, सुटे भाग बिघडले तर खर्च कोणाचा?

या सगळ्यात महिने जातात. तारीख मिळते, कागद अडतो, यंत्र येते, साचा बसत नाही. तोवर मुलाने भाषेविना थांबायचे का? तोवर आणि त्यानंतरही त्याला डोळ्यांनी दिसणारी भाषा द्यावी. आपल्या देशात ती आहे : भारतीय सांकेतिक भाषा. ही नुसती हातवाऱ्यांची नक्कल नाही. तिला स्वतःचे शब्द आणि स्वतःचे व्याकरण आहे. ‘तुझं नाव काय?’ विचारताना प्रश्नाची खूण शेवटी येते आणि भुवयांची ठेवणही बोलते. तिच्यात विनोद होतो, भांडण होते, गणितही शिकवता येते.

‘हाताची सवय लागली तर बोलणारच नाही’ ही भीती अनेकांना घातली जाते. ती फार जुनी आहे. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात शिक्षकांची एक परिषद भरली आणि बहिऱ्या मुलांना फक्त तोंडी बोलण्यानेच शिकवावे, असा ठराव झाला. त्यानंतर जगभर वर्गांतून मुलांचे हात बांधल्यासारखे झाले. पुढे २०१० मध्ये कॅनडातल्या व्हॅंकूव्हर येथे याच परिषदेने ते जुने ठराव नाकारले आणि झालेल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला. कर्णबधिर आईबापांच्या घरात जन्मलेली कर्णबधिर मुले पहिली खूण साधारण त्याच वयात करतात ज्या वयात ऐकणारी मुले पहिला शब्द बोलतात. भाषेचा हा पाया लवकर मिळालेली मुले पुढे वाचनातही चांगली टिकतात. खुणा शिकल्याने बोलणे अडते, असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही.

मुलांना भाषेची भूक किती असते, हे मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशाने दाखवून दिले. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे मानाग्वा शहरात बहिऱ्या मुलांच्या शाळेत मुले मोठ्या संख्येने एकत्र येऊ लागली. शिक्षक ओठ वाचायला शिकवत होते. मुलांनी मैदानात आणि बसमध्ये आपापल्या घरच्या खुणा एकत्र केल्या, आणि काही वर्षांत त्यांतून एक नवी पूर्ण भाषा उभी राहिली. एकटे मूल चार खुणांवर अडून बसते. सोबत मिळाली की भाषा वाढते.

तेव्हा यंत्र हवे, बोलण्याचा सराव हवा, आणि हातांची भाषाही हवी. तिन्ही एकत्र चालू शकतात. ‘खुणा बंद करा’ असे कोणी सांगितले तर शांतपणे विचारा, ‘बोलणं येईपर्यंत माझं मूल कोणत्या भाषेत विचार करणार?’

घरात रोज काय करावे?

यासाठी वेगळी खोली किंवा महागडी खेळणी लागत नाहीत. दहा बाय बाराच्या घरातही हे जमते.

१. आधी नजर, मग बोलणे. मुलाच्या खांद्याला हात लावा, हात हलवा, किंवा दिवा एकदा बंद-चालू करा. त्याने पाहिले की मगच बोला आणि खूण करा.

२. उजेड आपल्या तोंडावर आणि हातांवर हवा. दाराकडे पाठ करून उभे राहिलात तर मुलाला फक्त काळी आकृती दिसते.

३. वस्तू दाखवताना घाई नको. ऐकणारे मूल चेंडू बघता बघता ‘चेंडू’ ऐकते. कर्णबधिर मुलाला एका वेळी एकच गोष्ट बघता येते. त्याला चेंडू बघू द्या, त्याची नजर परत आपल्याकडे येऊ द्या, मग खूण करा.

४. ओरडू नका, ओठ वेडेवाकडे करू नका. आरशासमोर आवाज न काढता ‘पापा, बाबा, मामा’ म्हणून बघा. तिन्ही सारखेच दिसतात. नुसते ओठ वाचून मराठी शिकणे किती कठीण आहे, ते लगेच कळेल.

५. घडते ते सगळे सांगा. नळाला पाणी आले, दादा पास झाला, काकी रुसली, उद्या दवाखाना आहे. ‘नंतर सांगते’ हे वाक्य कर्णबधिर मुलाच्या वाट्याला सर्वांत जास्त येते, आणि ते ‘नंतर’ येत नाही. जेवताना गोल बसा आणि चाललेले हसणे त्याच्यापर्यंत पोहोचवा.

६. शिकणे एकट्या आईवर टाकू नका. बाबा, आजी-आजोबा, भावंडे, समोरच्या घरातली मुले, सगळ्यांनी रोज दोन खुणा शिकाव्यात. महिन्यात साठ होतात. घरातल्या प्रत्येकाला एक नावाची खूण द्या.

शिकायचे कुठून? दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने दहा हजार शब्दांचा चित्रफितींचा कोश केला आहे. तो मोबाइलवर मोफत बघता येतो. डिसेंबर २०२४ पासून ‘पीएम ई-विद्या’ची ३१ क्रमांकाची टीव्ही वाहिनी सांकेतिक भाषेसाठी आहे. पण सर्वांत चांगला गुरू म्हणजे ही भाषा रोज वापरणारी कर्णबधिर मोठी माणसे. आपल्या वस्तीत किंवा शेजारच्या वस्तीत शिवणकाम करणारा, छापखान्यात कामाला असणारा असा कोणी असेल. त्याला घरी चहाला बोलवा. मुलाला पहिल्यांदाच दिसेल की आपल्यासारखे मूल मोठे होते, कमावते, संसार करते.

भाषा हे मुलाचे संरक्षणही आहे. ज्याच्याकडे शब्द नाहीत त्याला कोणी त्रास दिला, नको तिथे हात लावला, तर ते घरी सांगता येत नाही, आणि वाईट माणसे हे ओळखून असतात. शरीराच्या सर्व अवयवांच्या, ‘नको’ म्हणण्याच्या आणि ‘कोणी, कुठे, कधी’ सांगण्याच्या खुणा लहानपणीच शिकवा. मुलींना आणि मुलांनाही.

अक्षरांकडे नेताना

हातात भाषा खेळू लागली की अक्षरांना जोडायला काहीतरी मिळते. शाळेची वाट न बघता तिसऱ्या वर्षापासून सुरुवात करता येते.

गोष्ट सांगा. चित्रांचे पुस्तक असे धरा की मुलाला पुस्तक, आपले तोंड आणि हात एकाच वेळी दिसतील. आधी गोष्ट खुणांनी रंगवून सांगा, मग खालच्या ओळीवर बोट ठेवा. मूल चित्रात रमले तर रमू द्या, पान उलटायची घाई करू नका. तेच पुस्तक दहा वेळा मागितले तर दहा वेळा सांगा. अमेरिकेतल्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठाने कर्णबधिर आईबाप आपल्या मुलांना गोष्टी कशा सांगतात ते पाहून ऐकणाऱ्या पालकांना शिकवायला सुरुवात केली. ही रीत तिथली आहे. आईला स्वतःला वाचता येत नसेल तरी चित्रावरून गोष्ट सांगता येते. ओळ ताई-दादा वाचतील.

आमची वही. शंभर पानी वही घ्या. विहारात गेलात, जयंतीची मिरवणूक पाहिली, दवाखान्यात गेलात की त्या संध्याकाळी एक चित्र काढा. बसचे तिकीट किंवा बिस्किटाचे वेष्टन चिकटवा. खाली दोन-तीन ओळी लिहा : ‘आज पौर्णिमा होती. आम्ही विहारात गेलो. मी मेणबत्ती लावली. खीर गोड होती.’ मग ओळ दाखवायची आणि खुणांनी सांगायची. ही वही मुलाचे पहिले पुस्तक होते, कारण तिच्यातले सगळे त्याने जगलेले असते.

फक्त नावांवर थांबू नका. भिंतीवर ‘दार’, ‘पंखा’ अशा चिठ्ठ्या लावणे चांगले, पण दोन महिन्यांनी ‘दार लाव’, ‘पंखा कोणी चालू ठेवला?’ अशी वाक्ये यायला हवीत.

चुकांचा अर्थ समजून घ्या. कर्णबधिर मूल लिहिते, ‘आई बाजार जा भाजी आण’. हे वाचून हसू नका. मराठीतले ‘ने, ला, त, चा’ हे प्रत्यय हळू उच्चारले जातात, ओठांवर नीट दिसत नाहीत, आणि सांकेतिक भाषेत ते तसे नसतात. पण अर्थ त्यांच्यावरच टांगलेला असतो. ‘ताईने दादाला पेढा दिला’ आणि ‘ताईला दादाने पेढा दिला’ या दोन वाक्यांत पेढा कोणाकडे गेला? ज्याला ‘ने’ आणि ‘ला’ दिसत नाहीत, त्याला दोन्ही वाक्ये एकच. हे नाटक करून दाखवा. खरोखर पेढा द्या, मग वाक्य लिहा, ‘ने’ आणि ‘ला’ रंगीत पेन्सिलीने गोल करा. मुलाच्या वाक्यावर लाल फुली मारू नका. त्याच्या शेजारी पूर्ण वाक्य लिहा आणि दोन्ही शेजारी शेजारी बघा. मराठी त्याची दुसरी भाषा आहे, असे धरून चालले की राग येत नाही.

सुंदर अक्षराला फसू नका. फळ्यावरचे हुबेहूब उतरवले म्हणजे वाचता आले असे नव्हे. पान झाका आणि विचारा, ‘यात काय झालं?’ खुणांनी सांगता आले, चित्र काढता आले, तरच ते वाचन.

लिहिण्याला काम द्या. किराणा दुकानात यादी घेऊन पाठवा. मोठे झाल्यावर मोबाइलवर घरच्यांना निरोप लिहू द्या : ‘मी क्लासला पोचलो’, ‘येताना दूध आण’. उत्तर येते म्हणून मूल पुन्हा लिहिते.

शाळा आणि हक्क

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कर्णबधिर मुलाला त्याला सर्वांत योग्य अशा भाषेतून आणि पद्धतीने शिकवले जावे, हेही त्या कायद्यात आहे. उच्च शिक्षणात पाच टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आहेत, त्यातला एक टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी. यासाठी तपासणीनंतर दिव्यांग प्रमाणपत्र आणि ‘यूडीआयडी’ ओळखपत्र वेळेवर काढून ठेवा. जातीचा दाखला काढायला आपण जेवढी धावपळ करतो, तेवढीच इथेही करावी.

शाळा निवडताना इमारत बघू नका, चार प्रश्न विचारा : शिक्षकांना सांकेतिक भाषा येते का? शाळेत कोणी कर्णबधिर शिक्षक आहे का? तिसरीतले मूल न पाहिलेला साधा उतारा वाचून सांगू शकते का? पालकांना खुणा शिकवता का? साध्या शाळेत घातले तर मूल पुढच्या बाकावर बसेल, गुरुजी फळ्याकडे तोंड करून शिकवणार नाहीत आणि विशेष शिक्षक ठरलेल्या दिवशी येतील, याची विचारपूस करत राहा.

विहाराचे काम

चूळपंथक भिक्खूची कथा आपण विहारात ऐकली असेल. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना, म्हणून थोरल्या भावाने त्याला निघून जायला सांगितले. तथागतांनी त्याच्या हातात पांढऱ्या कापडाचा तुकडा दिला आणि तो चोळत बसायला सांगितले. कापड मळत गेले, आणि पाठांतराने जे कळत नव्हते ते अनित्य त्याला डोळ्यांनी आणि हातांनी कळले. शिकणारा तोच होता, शिकवण्याची रीत बदलली.

आपल्या रविवारच्या संस्कार वर्गात कर्णबधिर मूल येते का? की ‘त्याला काय कळणार’ म्हणून घरी राहते? त्याला पुढे बसवा. बुद्ध, धम्म, संघ, बाबासाहेब, रमाई यांच्या खुणा एखाद्या कर्णबधिर उपासकाकडून सगळ्या मुलांनी शिकून घ्याव्यात. महिन्यातून एक तास विहारात खुणांचा वर्ग ठेवायला भाडे लागत नाही, मोबाइल आणि सतरंजी पुरते. दोन-तीन वस्त्यांतली कर्णबधिर मुले महिन्यातून एकदा एकत्र आली, तर निकाराग्वातल्या मुलांनी मिळवले ते आपल्या मुलांनाही मिळेल : सोबत.

बाबासाहेबांनी शिक्षणाला पहिले स्थान दिले. कर्णबधिर मुलासाठी त्या शिक्षणाच्याही आधी एक पायरी आहे, ती म्हणजे भाषा. ती पायरी घरात, जेवणाच्या ताटाभोवती घातली जाते. आज संध्याकाळी पहिली खूण शिका.

महिला मंडळात चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीत न बोलणारे किंवा उशिरा बोलणारे मूल आहे का? त्याची ‘बेरा’ तपासणी झाली आहे का? सोबत कोण जाईल?
२. ‘खुणा शिकलं तर बोलणार नाही’ असे म्हणणाऱ्याला आपण काय सांगू?
३. आवाज बंद करून टीव्हीवरची एक मालिका दहा मिनिटे बघा. काय कळले, काय निसटले, ते एकमेकींना सांगा.
४. आपल्या विहारात खुणांचा वर्ग कोणत्या पौर्णिमेपासून सुरू करता येईल?

जय भीम! नमो बुद्धाय!